पितळ, पोलाद आणि अर्धा थाऊ

१९७३ साली मॅक मॅकमिलन या अमेरिकी नेमबाजाने शंभर यार्डांवरून, म्हणजे ९१ मीटरहून किंचित जास्त अंतरावरून, पाच गोळ्या झाडल्या. त्यांतल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर भरलं ०.००९ इंच, पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. हा विक्रम चाळीस वर्षं टिकला. २०१३ मध्ये माइक स्टिनेटने तो ०.००७७ इंचावर आणला.

या खेळाचं नाव बेंचरेस्ट. नेमबाज भक्कम टेबलाशी बसतो. रायफलीचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर आणि मागचा दस्ता दुसऱ्या पिशवीवर टेकलेला असतो. हात थरथरण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. उरतात यंत्र, काडतूस आणि वारा. पाचही गोळ्या खरोखरच त्याच भोकातून गेल्या का, हे कळावं म्हणून लक्ष्याच्या मागे कागदाची पट्टी संथपणे सरकत ठेवतात. पुढच्या कागदावर एक भोक दिसलं तरी मागच्या पट्टीवर पाच मोजता येतात.

इथली काडतुसं सहसा विकतची तयार नसतात. स्पर्धक मोजक्याच पितळी पुंगळ्या पुन्हापुन्हा भरतात, बऱ्याचदा मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. झाडल्यावर पुंगळी फुगते, आणि तिला परत मापात आणायला पोलादी साच्यात दाबावी लागते. हा साचा म्हणजे साइझिंग डाय. नळी, दुर्बीण, ट्रिगर यांवर लोक तासन्‌तास बोलतात आणि डाय मात्र तयार मिळेल ती घेतात, याची मला नेहमी हळहळ वाटते. डाय एकटीने चांगली किंवा वाईट नसतेच. ती एखाद्या विशिष्ट चेंबरसाठी, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीसाठी, चांगली असते.

हे समजायला गोळी सुटते त्या क्षणी पुंगळीचं काय होतं ते पाहू. बेंचरेस्टमधलं सर्वांत गाजलेलं काडतूस म्हणजे ६ पीपीसी. लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी १९७०च्या दशकात ते घडवलं. नावातले दोन ‘पी’ त्यांच्याच आडनावांचे. बुटकी, जाड पुंगळी, बुडाशी साधारण ११ मिलिमीटर व्यासाची. बारूद पेटली की आतला दाब हवेच्या दाबाच्या चार हजार पटींच्या आसपास जातो. पितळ बाहेर ढकललं जातं आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं. त्यामुळे वायू मागे येत नाही. पुंगळी स्वतःच बूच बनते. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं आणि पुंगळी मोकळी होते.

किती आकसतं, हे पितळाच्या कडकपणावर ठरतं. काडतुसाच्या पितळात सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. त्याचा स्थितिस्थापकता गुणांक ११० गिगापास्कलच्या घरात, पोलादाच्या साधारण निम्मा. ठोकून-दाबून कडक झालेलं पितळ ४०० मेगापास्कलच्या आसपास ताण पेलतं आणि मगच कायमचं वाकतं. चारशेला एक लाख दहा हजारांनी भागा: उत्तर ०.३६ टक्के. अकरा मिलिमीटरवर ०.३६ टक्के म्हणजे ४० मायक्रॉन. वर्कशॉपच्या भाषेत दीड थाऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. तापवून मऊ केलेलं पितळ शंभरेक मेगापास्कललाच हार मानतं, म्हणून ते जेमतेम १० मायक्रॉन मागे येतं. चेंबरचं पोलादही दाबाखाली किंचित फुगून परत येत असतं. ते जितकं परत येतं त्याहून पितळ कमी आकसलं, तर पुंगळी आत अडकते. पुंगळीचं बूड मुद्दाम कडक ठेवतात त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणजे झाडलेली पुंगळी हा चेंबरचा जवळजवळ हुबेहूब ठसा असतो, फक्त केसभर लहान. डाय निवडताना याहून चांगला पुरावा हाताशी नसतो.

आता तयार मिळणाऱ्या डायचा विचार करा. तिच्या निर्मात्याला तुमची रायफल ठाऊक नसते. त्या काडतुसाच्या कुठल्याही रायफलीत पुंगळी बसली पाहिजे, अगदी लहानात लहान चेंबरमध्येसुद्धा, म्हणून तो डाय त्या हिशोबाने लहान ठेवतो. तुमचं चेंबर मोठ्या बाजूचं असेल तर दर वेळी पुंगळी भरपूर फुगते आणि भरपूर दाबली जाते. तार वाकवत राहिलं की ती कडक होऊन शेवटी तुटते, तसंच हे. धातूच्या स्फटिकांमधले दोष एकमेकांत गुंतत जातात आणि पुढे सरकेनासे होतात.

उलटही घडतं, आणि नवख्याला त्याचंच आश्चर्य वाटतं. बेंचरेस्टची चेंबरं खास बनवलेल्या रीमरने, म्हणजे भोक मापात कापणाऱ्या फिरत्या हत्याराने, कापतात आणि ती फार आवळ असू शकतात. अशा चेंबरमधून निघालेली पुंगळी तयार डायमध्ये टाकली तर ती कुठेही न घासता आत जाते आणि तशीच बाहेर येते. पुंगळी डायमध्ये दाबणाऱ्या प्रेसची दांडी ओढल्याचं समाधान मिळतं. पितळाला मात्र स्पर्शही झालेला नसतो.

म्हणून बेतून घेतलेली डाय. तिचे दोन मार्ग आहेत. एक, चेंबर कापणाऱ्या रीमरच्या जोडीने डायसाठी थोडा लहान रीमर बनवून घ्यायचा. दुसरा, झाडलेल्या पुंगळ्या डाय करणाऱ्याकडे पाठवायच्या. तो त्या मोजून त्याप्रमाणे डाय कापतो किंवा आपल्याकडच्या थोड्याथोड्या फरकाच्या डायांमधून जुळणारी देतो. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. रीमरच्या नकाशावर लिहिलेलं माप हा इरादा असतो, पुंगळीवर उमटलेलं माप ही घडलेली गोष्ट. रीमरला धार लावताना तो लहान होतो, लेथवर कणभर तिरका चालला तर भोक मोठं पडतं, आणि यातलं काहीच नकाशावर दिसत नाही.

पण पाठवायच्या पुंगळ्या एकदाच झाडलेल्या नसाव्यात. नवी पुंगळी पहिल्या बारात पूर्ण फुगत नाही. दोन-तीन वेळा, बारुदीच्या नेहमीच्याच भाराने, झाडून झाल्यावर तिचं माप स्थिरावतं. मऊ भाराने झाडलेल्या पुंगळ्या पाठवल्या आणि नंतर स्पर्धेत चढा भार वापरला, तर डाय बुडाशी गरजेपेक्षा लहान ठरते आणि पितळ जास्त दाबलं जातं.

मोजायला मायक्रोमीटर हवा. व्हर्नियर कॅलिपर एका थाऊइतकी चूक सहज करतो, आणि इथे एकूण खेळच एक-दोन थाऊंचा आहे. बुडाजवळ, जिथे पितळाची भिंत जाड होते त्याच्या जरासं वर, डायने साधारण अर्धा थाऊ कमी करावा. खांद्याशी, म्हणजे पुंगळी जिथे निमुळती होऊ लागते तिथे, दोन-तीन थाऊ चालतात. आणि खांदा लांबीच्या दिशेने मागे ढकलायचा तो एक, फार तर दोन थाऊ. एवढंच पुरे. खांदा दर वेळी पाच-सहा थाऊ मागे ढकलला, तर बार उडताना पुंगळीचं अंग तेवढंच ताणलं जातं. ताण येतो बुडाच्या वरच्या अरुंद पट्ट्यावर, आणि काही वेळा भरल्यावर पुंगळी तिथूनच फाटून दोन तुकडे होते. अशा वेळी चार हजार वातावरणांचा वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेला मोकळा होऊ शकतो. काटकसरीने दाबण्याचा आग्रह निव्वळ नेमकेपणासाठी नाही.

बुडाचा अर्धा थाऊ कमी पडला तर त्याची खूण हाताला कळते. बार झाल्यावर बोल्टची, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ वर उचलताना शेवटच्या टप्प्यात ती अडते आणि ‘टक’ असा आवाज येतो. फुगलेलं बूड चेंबरच्या तळाशी आवळून बसलेलं असतं आणि बोल्टला जोर लावून ते सोडवावं लागतं. जोर लावला की पिशव्यांवर नीट बसवलेली रायफल हलते. पाच गोळ्यांना सात मिनिटं मिळतात आणि वाऱ्याची एखादी सोयीची झुळूक फार तर काही सेकंद टिकते. त्या सेकंदांत बोल्ट लोण्यासारखा चालला पाहिजे.

याच कारणाने एक जुनी समजूत मागे पडली. पूर्वी बेंचरेस्टचे जाणकार फक्त मान, म्हणजे पुंगळीचा गोळी धरणारा अरुंद भाग, दाबत. पुंगळीचं अंग चेंबरच्या मापाचंच राहिलं तर गोळी नळीच्या अक्षावर नीट बसेल, असा त्यामागचा तर्क. ऐकायला तो पटतो. पण पुंगळी दर बाराला थोडी वाढते, कधीतरी बोल्ट जड लागतो, आणि कुठली पुंगळी केव्हा जड लागेल हे सांगता येत नाही. आज बहुतेक स्पर्धक दर वेळी पूर्ण पुंगळी, पण अगदी थोडीशी, दाबतात. प्रत्येक पुंगळी आदल्या पुंगळीसारखीच वागावी, हे चेंबरला घट्ट बसण्यापेक्षा मोलाचं ठरलं.

आता मान, डायमधला सर्वांत नाजूक भाग. ६ पीपीसीच्या गोळीचा व्यास ०.२४३ इंच. चेंबरचा मानेचा भाग पुष्कळदा ०.२६२ इंच ठेवतात. कारखान्यातून आलेल्या पुंगळीची मान त्यासाठी जाड असते, म्हणून ती बाहेरून तासून भिंत साडेआठ थाऊची करतात. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि गोळी मिळून ०.२६० इंच. भोवती एकूण दोन थाऊ मोकळीक, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ही मोकळीक असलीच पाहिजे. मान फुलून गोळी सोडायला जागा मिळाली नाही, तर दाब धोकादायक पातळीवर चढतो.

मान दाबण्यासाठी डायमध्ये बदलता येणारा कडक बुश, म्हणजे ठरावीक मापाची पोकळ कडी, असतो. भरलेल्या काडतुसाच्या मानेपेक्षा एक ते तीन थाऊ लहान बुश घ्यायचा, हा सर्वमान्य हिशोब. तयार डायमधला मणी मात्र मला मान्य नाही. तिथे मान आधी गरजेपेक्षा जास्त आवळतात आणि मग आतून मणी ओढून परत रुंद करतात. ओढताना मान वाकडी होण्याची शक्यता असते, आणि पितळ दर वेळी दुप्पट राबतं.

बुशवर कोरलेलं माप आणि मानेचं खरं माप एकच असेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मघाचं गणित मानेला लावा: ६.६ मिलिमीटर व्यासाची कडक मान बुशमधून निघाल्यावर २४ मायक्रॉनपर्यंत मागे फुलू शकते, मऊ मान सहा. म्हणजे एकाच बुशमधून निघालेल्या दोन पुंगळ्यांत पाऊण थाऊचा फरक, निव्वळ एक जास्त वेळा भरलेली असल्यामुळे. गोळीवरची पकडच एक-दोन थाऊंची असते, तिथे हा फरक लहान नाही. डायची उंची बरोबर लावलेली असतानाही खांदा हळूहळू कमी मागे जाऊ लागतो, त्याचंही कारण हेच. डाय बिघडलेली नसते, पितळ बदललेलं असतं.

उपाय दोन: सगळ्या पुंगळ्या सारख्याच वेळा भरायच्या, किंवा ठरावीक बारांनंतर मान आणि खांदा तापवून मऊ करायचा. बुडाला उष्णता पोचू द्यायची नाही. ते मऊ झालं तर पुंगळी निकामीच नव्हे, घातक होते. पितळात कोंडलेला ताण काय करू शकतो याचं एक जुनं उदाहरण आहे. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या साठ्यांमध्ये पावसाळ्यात काडतुसांना आपोआप भेगा पडत. तबेल्यांतून, घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेतून ताणलेल्या पितळापर्यंत पोचत होता. या ‘मोसमी तड्या’चा उलगडा १९२१ साली झाला.

डाय बनवणाऱ्याच्या बाजूनेही हे काम सोपं नाही. डाय टिकावी म्हणून पोलाद तापवून विझवतात. विझवताना त्याची अंतर्गत रचना बदलते आणि नवी रचना थोडी जास्त जागा व्यापते. जे भोक अर्ध्या थाऊपर्यंत नेमकं कापलं होतं, ते आता तेवढंच राहत नाही. म्हणून चांगला कारागीर शेवटचं माप कडक झाल्यावर घासून, होनिंग करून आणतो. डाय हाती आल्यावर पहिल्या दिवशीच चार-पाच पुंगळ्या दाबून, आधीची आणि नंतरची मापं शेजारी शेजारी लिहावीत. आणि वंगण अगदी पातळ लावावं. जास्त झालं तर ते खांद्यावर साचतं आणि पितळाला खळगा पाडतं.

नवी डाय चांगली की जुनी, हे एका गटावरून, म्हणजे पाच गोळ्यांच्या भोकांच्या एका झुबक्यावरून, ठरवण्याचा मोह टाळावा. तीच रायफल, तेच काडतूस, तोच माणूस, वारा शून्य धरला तरी पाच गोळ्यांच्या गटाचा आकार आपल्या सरासरीभोवती साधारण पाव हिश्श्याने वरखाली होत असतो. तो निव्वळ योगायोगाचा खेळ आहे. स्पर्धेतही पाच गटांची सरासरी धरतात ती याचसाठी. दोन डायांतला दहा टक्क्यांचा फरक ओळखायला डझनावारी गट लागतील. त्यापेक्षा मायक्रोमीटर, बोल्टचा हाताला लागणारा जोर आणि मान फिरवून पाहायचा डायल गेज हे साक्षीदार लवकर आणि खरं बोलतात.

गोळी बसवायची डाय वेगळी असते, तिच्याबद्दल थोडक्यात. तीही त्याच चेंबरच्या मापाची हवी, म्हणजे गोळी आत ढकलताना पुंगळीचं अंग सगळ्या बाजूंनी धरलेलं राहतं. अनेक स्पर्धक यासाठी साधी, हाताने दाबायची सरळ डाय आणि छोटा आर्बर प्रेस वापरतात. दांडीवर लागणारा जोर बोटांना जाणवतो, आणि एखादी मान बाकीच्यांपेक्षा घट्ट असेल तर ती तिथेच पकडता येते.

बेंचरेस्टच्या नळ्या झिजतात आणि बदलाव्या लागतात. नवी नळी त्याच रीमरने कापली तर जुनी डाय बहुतेक वेळा चालते. तरीही नव्या चेंबरमधून तीन पुंगळ्या दोन-तीनदा झाडून मोजाव्यात. रीमर बदलला असेल तर डायचा विचार नव्याने करायचा. डायच्या डब्यात रीमरचा नकाशा, आणि प्रत्येक नळीची तारीख लिहून न दाबलेल्या तीन पुंगळ्या ठेवाव्यात.