कॅन्सरनंतर हातात ड्रम

उपचार संपतात, रिपोर्ट चांगला येतो, घरचे निर्धास्त होतात. आणि कॅन्सरमधून उठलेल्या अनेकांचा अवघड काळ तिथूनच सुरू होतो. रात्रभर झोपूनही थकवा जात नाही. पुढच्या स्कॅनची तारीख जवळ आली की छातीत धडधडतं. साधा, रोजचा शब्द ऐन वेळी आठवत नाही. ‘आता तर बरे झालात’ म्हणणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही, त्यामुळे बोलायचीही चोरी. संगीतोपचाराचा, त्यातही गटाने ड्रम वाजवण्याचा विचार व्हायला हवा तो या काळासाठी.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करतो, कारण त्याने रुग्णांचं खरोखर नुकसान होऊ शकतं. २००१ साली बॅरी बिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १११ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ठरावीक पद्धतीने घेतलेल्या सामूहिक ड्रमवादनानंतर रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ पेशींची क्रियाशीलता वाढलेली दिसली. या पेशी कॅन्सरच्या पेशींवर हल्ला करतात, हे खरं. त्यावरून ‘ड्रम वाजवा, कॅन्सर पळवा’ असे दावे मात्र कुणी करू नयेत. ते १११ जण निरोगी होते आणि मोजमाप सत्राच्या आगेमागे घेतलेल्या रक्ताचं होतं. ड्रमने गाठ विरघळत नाही. केमोथेरपी, रेडिएशन किंवा शस्त्रक्रियेची जागा तो घेऊ शकत नाही.

मग मिळतं काय? कॅन्सर रुग्णांसाठीच्या संगीतावर कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये घेतलेल्या आढाव्यात ८१ चाचण्या आणि ५,५७६ रुग्ण होते. प्रौढांमध्ये चिंता, वेदना आणि थकवा कमी होण्याकडे कल दिसला. पुराव्याचा दर्जा मात्र बऱ्याच बाबतींत कमी भरला. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटं संगीत कसं देणार? आपल्याला काय मिळतंय हे रुग्णाला कळतंच. शिवाय यातल्या निम्म्याच्या आसपास चाचण्यांमध्ये प्रशिक्षित संगीतोपचारक नव्हता, रुग्णांना ध्वनिमुद्रित संगीत ऐकवलं होतं.

ऐकणं आणि वाजवणं यांत फरक आहे. नुसता ठेका कानावर पडला तरी मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात, म्हणून तर नकळत पाय हलतो. पण मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या संशोधन गटाला २०१२ मध्ये असं आढळलं, की गाणं, नाचणं किंवा ड्रम वाजवणं यांनंतर वेदना सहन करण्याची क्षमता वाढते, केवळ ऐकून तशी वाढत नाही. शरीरातली एंडॉर्फिन्स, म्हणजे वेदना कमी करणारी नैसर्गिक रसायनं, यामागे असावीत, असा त्यांचा तर्क आहे.

मला याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. उपचारांच्या काळात शरीरावर सगळं दुसरे करत असतात. सुई ते टोचतात, यंत्राखाली कसं झोपायचं तेही तेच सांगतात. ड्रमवर थाप मारली की आवाज उमटतो, आणि तो आपण काढलेला असतो. त्यासाठी सूर लागावा लागत नाही, श्वास पुरावा लागत नाही. घशाच्या किंवा फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर गाणं जड जातं, अशांनाही हे जमतं. आणि आपली कहाणी पुन्हा सांगत न बसता चार माणसांत सामील होता येतं. वेल्समध्ये कॅन्सरशी संबंधित गायकवृंदांतल्या १९३ जणांवर डेझी फॅनकोर्ट आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता. तासाभराच्या गाण्यानंतर त्यांची मनःस्थिती सुधारली, कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक घटलं. त्यात रुग्णांबरोबर त्यांची काळजी घेणारेही होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या असतील, तर त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. त्यामुळे जोरजोरात, खूप वेळ वाजवू नये. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सालिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांनी बोटं बधिर झाली असतील तर आघात किती जोराचा बसतोय ते कळत नाही. तिथे मऊ टोकाची काठी बरी. प्लेटलेट कमी असताना तळहातावर काळेनिळे डाग पडू शकतात. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध घेतलेल्यांच्या ऐकण्यावर परिणाम झालेला असू शकतो, म्हणून खोलीतला एकूण गोंगाटही सांभाळावा लागतो. चांगला संगीतोपचारक हे सगळं पहिल्या भेटीत विचारतो आणि सत्र आधी दहा मिनिटांचंच ठेवतो. दुसऱ्या दिवशी थकवा कसा होता हे ऐकून मगच वेळ वाढवतो.