दुसरा झोत गेला कुठे?

एम-87 दीर्घिकेच्या चित्राखाली हमखास लिहिलेलं असतं: 'कृष्णविवर एका बाजूला झोत फेकतं.' हे चूक आहे.

खगोलशास्त्रज्ञ हीबर कर्टिस यांना 1918 साली अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत या दीर्घिकेतून निघालेली सरळ रेघ, म्हणजे हाच झोत, दिसली. दीर्घिका सुमारे 5.5 कोटी प्रकाशवर्षं दूर, मध्यभागी 650 कोटी सूर्यांएवढं कृष्णविवर. विरुद्ध बाजूला मात्र काहीच दिसलं नाही.

झोत निघतात दोन्हीकडे. एक आपल्या रोखाने येतो, दुसरा लांब जातो. झोतातला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावतो आणि आपला प्रकाश सगळीकडे सारखा टाकत नाही. धावण्याच्या दिशेला तो अरुंद शंकूत एकवटतो. शिवाय येणाऱ्या लहरी दाटतात, दर सेकंदाला जास्त ऊर्जा पोचते. समजा, वेग प्रकाशाच्या 90 टक्के आहे आणि झोताचा आपल्या दृष्टिरेषेशी कोन 20 अंश. मग मुळात अगदी सारख्या दोन झोतांपैकी येणारा झोत जाणाऱ्यापेक्षा सुमारे 500 पट तेजस्वी दिसतो! वेग आणखी वाढवा, फरक हजारोंत जातो. कोन 90 अंश करा, फरक उरतच नाही. दिशेचा एवढा प्रताप मला विलक्षण सुंदर वाटतो.

हबल दुर्बिणीला एम-87 च्या झोतातल्या तेजस्वी गाठी प्रकाशाच्या सहापट वेगाने सरकताना दिसल्या. त्यावर 'आइन्स्टाइन खोटा ठरला' असे व्हिडिओ फिरतात. त्यात तथ्य नाही. गाठ आपल्याच प्रकाशाच्या मागोमाग येत असते, त्यामुळे नंतर निघालेल्या प्रकाशाला कमी अंतर कापावं लागतं आणि वर्षानुवर्षांचा प्रवास आपल्याला थोडक्या काळात उरकलेला दिसतो.

पण सगळी विषमता दृष्टीची नसते. दूरवर झोत मंदावून फुग्यांसारखे पसरतात. तिथे वेगाचा हा परिणाम उरत नाही. एम-87 चे रेडिओ लहरींत दिसणारे फुगे दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही ऊर्जा पोचली आहे. दोन बाजूंचे फुगेच एकमेकांपेक्षा वेगळे असतील तर परिसर तपासावा लागतो. ययाती दीर्घिकासमूहातली एनजीसी 1265 ही दीर्घिका समूहातल्या तप्त वायूतून सेकंदाला 2000 किलोमीटरहून जास्त वेगाने जाते. तिचे दोन्ही झोत मागे वळले आहेत.

2000 साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले गोपाल-कृष्ण आणि अमेरिकेतले पॉल विटा यांनी मिश्र रूपाच्या दीर्घिकांकडे लक्ष वेधलं. यांच्यात एका बाजूचा झोत दूर जाऊन टोकाशी झळाळतो, दुसरा वाटेतच विरतो. कृष्णविवर एकच असताना असं घडतं, त्यामुळे कारण बाहेरच्या वायूत शोधावं, असा त्यांचा युक्तिवाद होता. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कमी वारंवारतेवर पाहते, म्हणून विरलेल्या बाजूचे जुने, ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉनही तिला दिसतात.