‘मानधन’ की ‘रॉयल्टी’ : मराठी कादंबरीकाराच्या पैशांची पार्श्वभूमी

कादंबरीच्या पैशांना मराठीत दोन नावे आहेत. करारावर बहुधा ‘रॉयल्टी’, म्हणजे विक्रीवरचे ठरलेले टक्के, असे छापलेले असते आणि बोलण्यात ‘मानधन’ येते. ई-बुक आणि ऑडिओच्या हक्कांवरून लेखक-प्रकाशकांत सध्या जी ओढाताण चालली आहे, ती समजून घ्यायची तर आधी या दोन शब्दांतले अंतर पाहावे लागते. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा माझा कल कोणीकडे आहे ते उघड आहे.

जुना काळ थोडक्यात. पहिली मराठी कादंबरी मानली जाते ती 1857 ची. त्या सुमाराला मराठी ग्रंथकाराच्या हातात पैसा पडलाच तर तो बहुधा बक्षिसाचा. पेशवाईत विद्वानांना मिळणाऱ्या दक्षिणेतला काही भाग इंग्रज सरकारने मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळवला होता. म्हणजे हा पैसा वाचकाच्या खिशातून येत नव्हता. पुण्यात 1890 साली एक साप्ताहिक निघाले आणि त्यातून कादंबरी हप्त्याहप्त्याने घरोघरी जाऊ लागली. संपादक आणि कादंबरीकार एकच असल्यामुळे कोणी कोणाला काय द्यायचे हा प्रश्नच आला नाही. 1909 मध्ये मुंबईत पहिला दिवाळी अंक निघाला. पुढे दिवाळी अंकांची रीतच पडली आणि ‘मानधन’ हा शब्द लेखकांच्या तोंडी रुळायला तिचा मोठा हातभार लागला.

हा शब्द मूळचा वेगळाच. संस्कृतात ‘मानधन’ म्हणजे पैसे नव्हे, माणूस. मान हेच ज्याचे धन, असा माणूस. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ या संस्कृत महाकाव्याच्या पहिल्या सर्गात हेर म्हणून गेलेला वनेचर, म्हणजे रानात राहणारा माणूस, युधिष्ठिराला दुर्योधनाच्या धनुर्धरांविषयी सांगतो तेव्हा त्यांना ‘मानधन’ म्हणतो, आणि लगेच पुढचे विशेषण लावतो ‘धनार्चित’, म्हणजे धन देऊन गौरवलेले. ते मानी होते आणि त्यांना पैसेही मिळत होते, दोन्हींसाठी दोन वेगळे शब्द होते. मराठीत आपण या दोन शब्दांचा एक केला आणि त्यात मान वर राहिला, धन खाली गेले.

आज मानधन कोणाला मिळते ते पाहा. व्याख्यात्याला, स्पर्धेच्या परीक्षकाला, नाट्यगृहात हार्मोनियमची साथ करणाऱ्याला. अंगणवाडी सेविकांनाही मिळते ते मानधनच, वेतन नव्हे. त्यांची आंदोलने झाली त्यात रकमेइतकाच हा शब्दही होता, कारण वेतन म्हटले की हक्क येतो, रजा येते, निवृत्तिवेतन येते. मानधन देणाऱ्याच्या मनावर असते. घेणाऱ्याने ते मोजून घ्यायचे नसते. कादंबरीकाराला हा शब्द लागू झाला तेव्हा त्याच्याबरोबर हा संकोचही आला.

माझ्या पहिल्या कादंबरीचा करार म्हणजे लेटरहेडवर टाइप केलेले एक पान होते. ‘आपल्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीचे मानधन’, पुढे एक आकडा, आणि खाली ‘लेखकाच्या 25 प्रती’. मुदत लिहिलेली नव्हती. आवृत्ती किती प्रतींची तेही नव्हते. चार वर्षे घालून लिहिलेले पुस्तक होते. पाचशे पाने हाताने लिहिली, त्यातली दीडशे फाडली. तरी ‘हिशेब कसा धरला?’ हे विचारायला जीभ रेटली नाही. मानधनाचा आकडा विचारणे म्हणजे मांडवातच आहेराचे पाकीट फोडून पाहण्यासारखे वाटले. मी सही केली.

कायदा मात्र असा लाजत नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा 21 जानेवारी 1958 पासून लागू झाला. त्यातले कलम 19 नंतरच्या दुरुस्त्यांसह आज असे सांगते : हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी, रॉयल्टी किंवा दुसरा मोबदला काय ते नमूद करून. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. या हिशेबाने माझ्या त्या एका पानाचा जीव पाच वर्षांत संपला होता. दुसरी आवृत्ती सातव्या वर्षी निघाली. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात ती मला मांडलेली दिसली, नव्या मुखपृष्ठाची. मी ती विकत घेतली आणि घरी येऊन हे कलम पहिल्यांदा नीट वाचले.

प्राप्तिकराच्या कायद्याने तर 2003 मध्ये साहित्यिकांच्या रॉयल्टीला 3 लाखांपर्यंतची वजावट दिली. त्यात एक बारकावा होता. हक्क एकरकमी दिले नसतील तर विकल्या गेलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या 15 टक्क्यांपर्यंतचीच रॉयल्टी वजावटीला धरली जाई. म्हणजे किती प्रती विकल्या गेल्या हा आकडा कोणाकडे तरी असणार, हे कायद्याने गृहीत धरले. मराठीत तो आकडा अनेक लेखकांपर्यंत पोचतच नाही. त्यांच्या हातात पुरावा एकच, पुस्तकाच्या आतल्या पानावरची आवृत्तींची यादी. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हा आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेला अंदाज. पण ‘आवृत्ती’ लिहून पाचशे छापता येतात, आणि पुनर्मुद्रण म्हणून दोन हजारही.

टक्के कशावर धरायचे, हा त्याच भांडणाचा दुसरा पदर. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्यभर अनुदानित वाचनालये वाढत गेली, आज ती हजारोंच्या संख्येने आहेत, आणि मराठी कादंबरीचे ते मोठे गिऱ्हाईक. तिथे पुस्तक सुटीने जाते. प्रकाशक म्हणतात, हातात पडते त्यावर टक्के द्या. लेखक म्हणतात, छापील किमतीवर द्या, कारण सूट किती द्यायची हे आम्ही ठरवत नाही. प्रकाशकाचा कागद, छपाई आणि अडकलेले भांडवल मी नाकारत नाही. पण छापखान्याला, बाइंडरला, मुखपृष्ठ करणाऱ्याला कोणी सुटीनंतरचे पैसे घ्यायला सांगत नाही.

आता मुद्दा ऑडिओचा. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे, करार होताना जे माध्यम नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाहीत. नव्वदच्या दशकातल्या करारांत ‘सर्व हक्क’ एवढेच लिहिलेले असते. अशा जुन्या कागदांना ही तरतूद कशी लावायची, यावर दोन्ही बाजू ताणून धरतात. 2017 नंतर मराठी ऑडिओ पुस्तके वाढू लागली आणि वीस वर्षे कपाटात पडलेल्या कादंबऱ्यांना अचानक भाव आला, म्हणून हे कागद आता बाहेर निघत आहेत.

ऑडिओत प्रत नाही, आवृत्ती नाही, सूटही नाही. काही करारांत लोकांनी किती तास ऐकले त्यावर पैसे ठरतात. माझ्या त्याच पहिल्या कादंबरीचे असे विवरण मला गेल्या वर्षी आले. महिना, ऐकलेले तास, दर, रक्कम, प्रत्येकाचा वेगळा रकाना. त्या कादंबरीच्या बाबतीत कोणीतरी मोजलेला आकडा मी प्रथमच पाहत होतो. विवरणाच्या डोक्यावर लिहिले होते, ‘मानधन तपशील’.