गुपितांच्या धंद्यातला मोकळा माणूस: वॉलेस प्रॅट आणि तेल-भूवैज्ञानिकांची संघटना

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या तेलवाल्यांना भूवैज्ञानिकाची गरजच वाटत नव्हती. कुठे जमिनीतून तेल पाझरताना दिसले किंवा शेजारच्या विहिरीला तेल लागले, की तिथेच जवळपास खोदायचे, असा सगळा कारभार होता. १९१५ साली कॅन्ससमधले एल डोराडो क्षेत्र खडकांच्या नकाशांवरून सापडले आणि चित्र पालटले. कंपन्या भराभर भूवैज्ञानिक नेमू लागल्या. मात्र अट एकच: पाहिलेले, मोजलेले सगळे कंपनीचे. बाहेर चकार शब्द काढायचा नाही.

यात कंपन्यांची चूक होती असे म्हणता येत नाही. तेल कुठे आहे याची कुणकुण लागली की तिथल्या जमिनीच्या भाडेपट्ट्याचा भाव एका रात्रीत कुठच्या कुठे जाई. पण विज्ञान असे चालत नाही. प्रत्येकाने आपापली विहीर तेवढी पाहिली, तर खालच्या थरांचा पसारा कोणालाच कळणार नाही. ही घुसमट असलेले काही जण १० फेब्रुवारी १९१७ रोजी ओक्लाहोमातल्या टल्सा गावी जमले आणि त्यांनी नैऋत्य अमेरिकेपुरती एक संघटना काढली. पुढच्याच वर्षी तिचे नाव झाले अमेरिकन असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्स. ती ‘एएपीजी’ म्हणून ओळखली जाते. जमिनीचे व्यवहार कंपनीचे, पण खडकांचे ज्ञान सगळ्यांचे, अशी वाटणी या मंडळींनी करून घेतली. संघटनेचे नियतकालिकही पहिल्याच वर्षी सुरू झाले.

या वाटणीवर आयुष्यभर ठाम राहिलेला माणूस म्हणजे वॉलेस एव्हरेट प्रॅट. जन्म १८८५, गाव कॅन्ससमधले फिलिप्सबर्ग. कॅन्सस विद्यापीठातून शिकून तो १९०९ मध्ये फिलिपिन्सला सरकारी नोकरीवर गेला. तेव्हा फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होते. १९११च्या जानेवारीत ताल ज्वालामुखीचा उद्रेक होऊन तेराशेहून जास्त माणसे दगावली. त्या उद्रेकाचा अहवाल प्रॅटने लिहिला. तेलाशी त्याचा संबंध आला तो अमेरिकेत परतल्यावर, टेक्सास कंपनीत. १९१८ साली ह्यूस्टनच्या नव्या कोऱ्या हंबल ऑइल कंपनीने त्याला मुख्य भूवैज्ञानिक नेमले. १९२०मध्ये, पस्तिशीत, तो एएपीजीचा चौथा अध्यक्ष झाला.

मला या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती टेक्सासच्या किनारपट्टीवरची. तिथे खाली हजारो फूट वाळू आणि चिकणमाती एकाआड एक. सगळे थर सारखेच दिसतात. दोन विहिरींमधला नेमका कोणता थर कोणाशी जुळतो, हे सांगायचे कसे? विहिरीतून वर येणारा चुरा चाळणीवर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्यात फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय समुद्री जीवांची मोहरीच्या दाण्याहूनही बारीक कवचे सापडतात. थर बदलला की कवचांच्या जातीही बदलतात. म्हणजे चिखलातच पानांचे क्रमांक घातलेले! हे काम उभे केले तीन स्त्रियांनी: रिओ ब्राव्हो कंपनीच्या एस्थर अॅप्लिन, प्रॅटच्या हंबलमधल्या अॅल्व्हा एलिसर आणि टेक्सास कंपनीच्या हेडविग निकर. काही विद्वानांनी आधी हे हसण्यावारी नेले. पण १९२५ साली या तिघींनी आपली निरीक्षणे एकत्र करून एएपीजीच्या नियतकालिकात एकच निबंध छापला. तीन कंपन्या, एकमेकींच्या उरावर बसलेल्या, आणि त्यांच्या तळघरातले ज्ञान एका निबंधात. १९१७ सालच्या वाटणीचे खरे फळ हेच.

दुसरी गोष्ट गूस क्रीकची. ह्यूस्टनजवळच्या या क्षेत्रातून तेलाबरोबर पाणी आणि वाळूही बेसुमार उपसली जात होती. १९१८च्या सुमारास लोकांच्या लक्षात आले की खाडीकाठची जमीन खाली चालली आहे. तेलविहिरींवरच्या मनोऱ्यांच्या पायाशी पाणी येऊ लागले, रस्ते बुडाले, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, आणि घरांतली भांडी खडखडवणारे लहान धक्केही बसले. जमीन तीन फुटांहून अधिक खचली. पाण्याखालची जमीन राज्याची, या नियमावर बोट ठेवून टेक्सास सरकारने मालकी सांगितली आणि प्रकरण कोर्टात गेले. जमीन उपशामुळे, म्हणजे माणसाच्या करणीने खचली, असे ठरल्याने कंपन्यांचा हक्क राहिला. प्रॅटने डग्लस जॉन्सनबरोबर १९२६ साली यावर निबंध लिहिला. उपसा आणि खचणे यांचा संबंध दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. या निष्कर्षाने कंपनीचा फायदा झाला हे खरे, पण तेल काढल्याने जमीन खचते हे एका तेल कंपनीच्याच मुख्य भूवैज्ञानिकाने छापून ठेवले, हेही तितकेच खरे.

पुढची वाटचाल चढतीच. १९३३ साली, मंदीच्या ऐन तडाख्यात, हंबलने टेक्सासमधल्या किंग रँच या अफाट पशुपालन-मळ्याची जवळजवळ दहा लाख एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली. हा आग्रह प्रॅटचा होता. १९३७मध्ये तो न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलच्या संचालक मंडळावर न्यूयॉर्कला गेला आणि १९४५मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी एएपीजीने आपले सिडनी पॉवर्स पदक सुरू केले आणि पहिले पदक त्यालाच दिले. तरी लिहिणे थांबले नाही. १९४७ साली त्याने समुद्राखालच्या खंड-मंचावरच्या, म्हणजे किनाऱ्यालगत उथळ पाण्याखाली पसरलेल्या भूभागावरच्या, तेलाबद्दल लिहिले, आणि १९५२ साली असे मांडले की तेल जमिनीत सापडण्याआधी माणसाच्या मनात सापडावे लागते. मुंबईच्या पश्चिमेला असाच खंड-मंच आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या तरत्या यंत्रमंचाने तिथे तेल गाठले तेव्हा प्रॅट हयात होता.

१९२१ साली भाडेपट्ट्यांच्या कामासाठी तो पश्चिम टेक्सासमधल्या पेकॉस गावी गेला होता. तिथल्या एका वकिलाने टेक्सासमधली सर्वांत सुंदर जागा दाखवतो म्हणून त्याला मॅकिट्रिक दरीत नेले. मेपलची झाडे, झुळझुळता ओढा, आणि दोन्ही बाजूंना सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात स्पंज आणि शैवालांनी रचलेली चुनखडकाची भिंत. तेल-भूवैज्ञानिक ज्या रचनांचा विहिरींच्या चुऱ्यावरून अंदाज बांधत, त्यांपैकीच एक इथे उघड्यावर उभी होती. प्रॅटने दरीतली जमीन विकत घेतली आणि छतालाही दगडी फरशा घातलेले एक घर बांधले. १९६०च्या सुमारास त्याने साडेपाच हजार एकरांहून जास्त जमीन राष्ट्रीय उद्यानासाठी देऊन टाकली. १९७२ साली तिथे ग्वाडालूप माउंटन्स राष्ट्रीय उद्यान झाले. प्रॅट १९८१च्या नाताळच्या दिवशी, ९६व्या वर्षी वारला. दगडी घर अजून उभे आहे, आणि दरीच्या तोंडापासून वर चढणाऱ्या पायवाटेने आजही भूविज्ञानाचे विद्यार्थी आणि तेल कंपन्यांचे लोक त्या भिंतीचे थर पाहायला जातात.