विरोळा चावतो तेव्हा

भातखाचरात, पाटाच्या पाण्यात, शेततळ्याच्या कडेला पावसाळ्यात हमखास दिसणारा साप म्हणजे विरोळा. काही भागांत त्याला दिवड किंवा पाणदिवडही म्हणतात. मातकट-पिवळसर अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे असतात, पण मोठ्या सापात ते पुसट होऊ शकतात. त्यापेक्षा डोळा पाहावा. डोळ्यापासून एक काळी तिरपी रेघ ओठाकडे उतरते, दुसरी जबड्याच्या कोपऱ्याकडे जाते.

हा साप बिनविषारी आहे, तरी सर्वाधिक मार खाणाऱ्या सापांपैकी एक आहे. कोंडीत सापडला की तो पुढचं शरीर उचलतो, मान चपटी करतो आणि लोक ‘नाग, नाग’ म्हणून काठ्या शोधतात. नागाच्या मानेतल्या बरगड्या लांब असल्याने त्याचा फणा रुंद उभा राहतो. विरोळ्याची मान नुसती पसरते. अंगावरच्या ठिपक्यांमुळे घोणस समजूनही त्याला मारतात. घोणशीच्या पाठीवर मात्र साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि डोळ्याची बाहुली उभी असते. विरोळ्याची बाहुली गोल.

विरोळा तापट आहे. हात लावला तर चावतो आणि चांगलाच चावतो. निसटते मासे आणि बेडूक धरण्यासाठी त्याचे दात आत वळलेले असतात. त्यामुळे जखमेतून रक्त वाहतं, माणूस गर्भगळीत होतो, घाम फुटतो, छाती धडधडते. घरचे त्याला उचलून मांत्रिकाकडे नेतात. मंत्र होतो, कडुलिंबाचा पाला खायला देतात, तासाभरात रोगी उठून बसतो. उठणारच होता, विष मुळात नव्हतंच. मांत्रिकाची कीर्ती अशा बिनविषारी चाव्यांवर पोसली जाते, आणि त्याच भरवशावर पुढच्या वेळी घोणस चावलेल्या माणसालाही तिथेच नेलं जातं. तिथे गेलेला वेळ परत मिळत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणून ओळख सापाला वाचवण्यासाठी वापरावी, दंशावर घरी निकाल देण्यासाठी नाही. कोकण किनाऱ्यावर तर जास्तच जपावं: जाळ्यात आलेल्या सापाची शेपूट वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्रसाप, आणि तो विषारी असतो.

कुठलाही साप चावला तरी दवाखाना गाठावा. तिथे स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, ते इथे कळू शकतं. नाग किंवा मण्यार असेल तर ही चाचणी काही सांगत नाही, म्हणून पापण्या जड होतात का, गिळता येतं का, श्वास नीट आहे का, हे डॉक्टर साधारण २४ तास पाहत राहतात. विषाची लक्षणं नसतील तर प्रतिविष देत नाहीत, कारण त्याचीही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. विरोळ्याच्या चाव्याला जखम धुणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन सहसा पुरतं.