कझाकस्तानचा म्हणजे कझाकच?

कझाकस्तानचा प्रत्येक नागरिक ‘कझाक’, हा समज आपल्या क्रीडापानांवर वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. कझाक भाषेत ‘कझाक’ म्हणजे त्या वंशाचा माणूस. देशाच्या नागरिकाला ‘कझाकस्तानदिक’ म्हणतात. यातला ‘दिक’ (काही शब्दांत ‘लिक’) हा प्रत्यय थेट आपल्या ‘पुणेकर’मधल्या ‘कर’सारखा: अल्माटीत राहणारा तो ‘अल्माटिलिक’.

करागांडात जन्मलेला मुष्टियोद्धा गेनादी गोलोव्हकिन घ्या. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याने कझाकस्तानसाठी रौप्य जिंकलं. वडील रशियन, आई कोरियन वंशाची. म्हणजे पक्का कझाकस्तानदिक, पण कझाक नव्हे. उलट चीनच्या शिनजियांगमधले किंवा मंगोलियातल्या बायान-उल्गीमधले कझाक पिढ्यान्‌पिढ्या कझाकच, फक्त पासपोर्ट दुसऱ्या देशाचा. तिथून कझाकस्तानात परतून स्थायिक होणाऱ्यांसाठी तर सरकारदरबारी वेगळा शब्द आहे: ‘कंदास’, म्हणजे रक्ताचा नातलग.