हायब्रिडची बॅटरी घरी बदलली तर शॉक बसतो?

'हायब्रिडच्या बॅटरीला हात लावू नको, चिकटून बसशील!' फोंड्यात हा सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या या हायब्रिड गाडीत बॅटऱ्या दोन असतात, आणि सल्ल्यात त्यांची गल्लत आहे. शे-दोनशे व्होल्टची किंवा त्याहून मोठी, नारिंगी केबलांची मुख्य बॅटरी वेगळी. तिच्यापासून लांबच राहा. पण उभ्या गाडीत बहुतेक वेळा मान टाकते ती साधी १२ व्होल्टची. ती संगणक जागे करते, मोठ्या बॅटरीचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडते. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी ढिम्म.

आमची ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी बसली, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं, सामान आणायचं बाकी असताना! गाडी बंद करून १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढली, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

खरी मेख वेगळीच. डिकीत किंवा सीटखाली बॅटरी असेल तर तिला बारीक रबरी नळी असते, गॅस बाहेर सोडणारी. नळीची सोय नसलेली स्वस्त बॅटरी तिथे बसवू नका. आणि काम होईपर्यंत डिकी उघडीच ठेवा. बऱ्याच गाड्यांत तिचं कुलूपही त्याच बॅटरीवर चालतं.